मधला दगड

थोरलीचा बाप काँक्रीटच्या जमिनी घासून चकचकीत करणारा पॉलिशवाला, आणि थोरली त्याच्या मशीनमागे अनवाणी फिरून चिखल काढणारी. घासताना पाण्याचा आणि सिमेंटचा राखाडी राडा होतो, तो वायपरनं ओढायचा. लग्न मोडून माहेरी आली तेव्हापासून तिच्या वाट्याला तेवढंच. मशीन मागितलं की बाप म्हणायचा, बाईमाणसाला ते आवरायचं नाही. मग बापाची कंबर गेली, आणि मशीन मिळालं धाकटीच्या नवऱ्याला. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी आवरत नव्हती, त्याला!

मशीनखाली आधी खरखरीत घासायचा दगड लावायचा, मग मधला, मग बारीक. प्रत्येक दगड आधीच्याचे चरे पुसतो. मधला गाळला तर लगेच कळत नाही. चकाकी चढली की चरे दात विचकतात. कपड्याच्या दुकानात तेच झालं. दुकानदारानं दिवे लावले आणि जमीनभर गोल गोल चरे उठून दिसले. उद्घाटन तोंडावर आलेलं, त्याचा आवाज चढला. जावयानं सरळ थोरलीकडे बोट दाखवलं. म्हणे हिनं चिखल नीट काढला नाही, त्यातली कच राहिली.

चोर सोडून संन्याशाला फाशी. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राहिलेल्या कचेनं एखादा चरा इथे पडतो, एखादा तिथे. सगळीकडे सारखे नाही पडत. तिनं दगडांची पेटी उघडली आणि मधले दगड उपड्या बादलीवर बसलेल्या बापाच्या मांडीवर ठेवले. कोरे करकरीत. बापानं न झिजलेल्या कडांवरून अंगठा फिरवला. त्याला सगळं कळलं.

"जावई आहे," तो हळूच म्हणाला. "तू सांभाळून घे. म्हण, माझं चुकलं."

"नाही म्हणणार."

तिनं तेच दगड मशीनला बसवले आणि बटण दाबलं. दातओठ खाऊन धरलेल्या मशीननं तिला फरफटत भिंतीवर नेऊन आपटलं. जावई खी खी हसला.

"हात सैल सोड," बाप ओरडला. "दांडा उचललास की उजवीकडे जातं, दाबलास की डावीकडे. जोर लावू नकोस."

तिनं हात सैल सोडले. मशीन गरीब गाईसारखं चालू लागलं. एवढंच होतं? या दोन वाक्यांसाठी तिची इतकी वर्षं चिखलात गेली होती? राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं, पण हात तिनं सैलच ठेवले.

मागे राडा साचत चालला. जावई फोन कानाला लावून कधीच बाहेर सटकला होता. बाप कंबर धरून उठला, त्यानं वायपर उचलला आणि कण्हत तिच्यामागे चिखल ओढू लागला.

बाबा, राहू द्या, हे शब्द तिच्या ओठांवर आले. तिनं ते गिळले आणि मशीन पुढे नेलं.