गवतावरचं मीठ

मिठाच्या खात्यात नवा कारकून असताना माझी नेमणूक कोलशेतच्या मिठागरांवर होती. तिथल्या बांधावरचं गवत कापायला एक आगरी म्हातारी रोज दुपारी येई. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कापलेली प्रत्येक मूठ ती आधी गुडघ्यावर दोनदा आपटी आणि मगच भाऱ्यात ठेवी.

एकदा जवळून पाहिलं, तर पानापानावर मिठाचे बारीक कण चमकत होते. परवान्यावाचून मीठ नेणं हा गुन्हा, आणि नव्या कारकुनाला कायदा फार चढलेला असतो. मी तिचा भारा अडवला.

ती मुळीच घाबरली नाही. विळा कमरेला खोचून म्हणाली, "दादा, या गवताला खारंच पानी मिलतं. ते पितं, पन मीठ पोटात ठेवीत नाय, पानावर काढून टाकतं. उरलंसुरलं मी हितंच झटकते. माज्या म्हशीला गवत पायजे, तुजं मीठ नको."

मग तिने सगळा भारा सोडला आणि मूठ न् मूठ माझ्यासमोर पुन्हा आपटली. पांढरी भुकटी बांधावर पडली. भारा डोक्यावर घेऊन ती मागे न बघता निघून गेली.

खाली पडलेलं एक पान मी उचललं आणि सहज जिभेला लावलं. खारट लागलं. कायद्याने पाहिलं तर त्या दुपारी बिनपरवान्याचं मीठ एकट्या माझ्याच पोटात गेलं होतं.