डॉक्टर, मला बी दावा

वडीगोद्रीच्या मामांना झाकलेली गोष्ट बघवत नसे. नवा पंप आणला की आधी उघडून बघायचा, मग विहिरीत सोडायचा. मोसंबीचं झाड पिवळं पडलं की दुसरे फवारणी करत, मामा बुंध्याशी बसून मुळं उकरत. "वरून काय कळतंय?" म्हणत. कॅन्सरमुळे त्यांची प्रोस्टेटची ग्रंथी काढली, तेव्हा शुद्धीवर येताच पहिला प्रश्न होता, "काढलेलं कुठंय? बघू द्या."

काही वर्षं बरी गेली. मग रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी सोडतात ते प्रथिन, चढू लागला. ऑपरेशननंतर तो जवळजवळ नसायलाच हवा. म्हणजे रोग कुठंतरी परतला होता. सीटी आणि हाडांचा स्कॅन काहीच दाखवेनात. डॉक्टरांनी संभाजीनगरला पेट स्कॅन करायला सांगितला.

मामी चिडल्या. "काही दिसून न्हाई राह्यलं ना? मंग कशाला उकरता?"

"दिसत न्हाई म्हणूनच जायचं," मामा म्हणाले.

शाळेत रजा टाकून मीच त्यांना घेऊन गेलो. इंजेक्शन देणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "पोरी, हे औषध शोधतंय कसं?"

"ह्या आजाराच्या पेशींना जाऊन चिकटतं, काका. चिकटलं तिथं मशीनला उजेड दिसतो."

त्या औषधातून किरणं निघतात, म्हणून त्या दिवशी गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगितलं होतं. घरी पोचलो, तर मामांची पोटुशी लेक पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. मामा अंगणात मागं मागं सरकले. "थांब गं! मी आज पेटलेलो हाय."

रिपोर्टच्या दिवशी ते डॉक्टरांना म्हणाले, "मला बी दावा." डॉक्टरांनी स्क्रीन वळवली. मूत्रपिंडं उजळलेली, जबड्याखाली लाळेच्या ग्रंथीही. मामांचा हात गळ्याशी गेला. "इथवर आलं?"

"नाही काका, ते सगळ्यांचंच चमकतं. आपलं हे." ओटीपोटातल्या एका गाठीत ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका होता.

मामा चष्मा सरकवून बघत राहिले. "एवढंसं! आन् आम्हाला झोप न्हाई."

तिथं किरणं दिली, पीएसए उतरला. मग मामा हायवेवरच्या हॉटेलात चहा पिता पिता सगळ्यांना विचारू लागले, "लघवीला त्रास हाय का? रक्त तपासलं का?" माणसं कपात बघत.

पुढच्या स्कॅनमध्ये मात्र हाडांत जागोजागी ठिपके होते. मामांनी तेही बघितले. "आता बराच उजेड पडलाय," ते म्हणाले आणि दाखवल्याबद्दल डॉक्टरांना हात जोडले. औषधांनी काही काळ निभावलं. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

दहाव्याला शेजारच्या मळ्यातले भीमरावआबा मला बाजूला घेऊन गेले. आधी हवापाण्याचं बोलले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मास्तर, तुमच्या मामानं लई बार सांगितल्तं. मी हसण्यावारी नेलं. ते रक्त कुठं तपासतेत?"

मी गाडीचं दार उघडलं.

"आत्ताच?"

"आत्ताच."

आबांनी एकदा मंडपाकडं पाहिलं, टोपी सारखी केली आणि गाडीत बसले.