बाबांचं कासव आणि कावळ्यासमोर दिलेला शब्द

बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पिंपळगाव राजात कावळ्यांची टंचाई नाही. एरवी वाळत घातलेल्या कुरड्यांची राखण करता करता माणूस थकतो. त्या दिवशी मात्र ते नदीकाठच्या बाभळीवर बसून आमच्याकडे पाहत राहिले.

अशा वेळी मेलेल्याची काहीतरी इच्छा मागे राहिली असं धरतात, आणि घरचे एकेक शब्द देऊ लागतात. मी आईला सांभाळीन म्हणालो. कावळा हलला नाही. कोणी घराला रंग देऊ म्हणालं. कोणी म्हणालं, अंगणातला आंबा तोडणार नाही. आमच्या अंगणात आंबा नाही. मग सोनाळ्याहून आलेला काका, बाबांचा धाकटा भाऊ, हात जोडून पुढे झाला.

"भाऊ, तुयं कासव आमी मोकळं करतो. नदीत सोडतो. आता तरी घे."

कावळा उतरला. माझ्या मते पिंडाजवळचं कुत्रं तेवढ्यात उठून गेलं होतं, म्हणून उतरला. पण दहाव्याला असली मतं मांडायची नसतात. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि कासवाची शिक्षा पक्की झाली.

हे कासव म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं परदेशी कासव. निवृत्तीनंतर बाबांनी खामगावच्या एका माशांच्या दुकानातून आणलं, तेव्हा ते बिस्किटाएवढं होतं. दुकानदाराने सांगितलं होतं, एवढंच राहतं. ते ताटाएवढं झालं. बाबा त्याला आधी पोळी आणि शेव घालत. त्याची पाठ मऊ पडली तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की शिंगं नसलेल्या रुग्णाचा त्यांना अनुभव नाही.

शेवटी मी वाचून काढलं: हिरवा पाला, अधूनमधून मासळी, स्वच्छ पाणी, आणि पाण्याबाहेर येऊन कोरडं ऊन खायला जागा. बाबांनी गच्चीवरच्या टाकीत आईचा पाटा ठेवला. मिक्सर आल्यापासून तो बिनकामाचा झाला आहे, असा त्यांचा समज होता, आईचा नव्हता. वैशाखात टाकीचं पाणी तापू लागलं, तर त्यांनी वर अर्ध्या भागात ओलं पोतं बांधलं आणि स्वतः उन्हात उभे राहून त्याला सावली पुरते का ते पाहत राहिले. शेजारच्या बायका विष्णूचा अवतार म्हणून त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहून जात. बाबा मग जुन्या टूथब्रशने देवाला घासून काढत. त्याला हात लावून आलेल्या माणसाला आई साबण लावल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे. अवतार असो की आणखी कोणी.

दहाव्यानंतर मी गच्चीवर गेलो. सावली पडताच कासव मान वर करून काठाशी आलं. बाबांसाठी यायचं तसंच. त्याला काही फरक पडला नाही याचा मला राग आला, आणि बरंही वाटलं.

मी वनखात्याच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसाने पहिलं विचारलं, कुठल्या नदीतून धरलं? आपल्याकडचं कासव घरात ठेवणं हा सरळ गुन्हा आहे, हे त्याने मला जरा जास्तच आवडीने सांगितलं. लाल पट्टा ऐकल्यावर त्याचा आवाज उतरला. परदेशी जात, म्हणाला. नोंद करावी लागते का ते ऑनलाइन पाहून घ्या. पण नदीत, तलावात, विहिरीत सोडू नका. ही जात आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावते. मी विचारलं, मग करायचं काय? "सांभाळा," तो म्हणाला, सासूबद्दल सांगावं तसं.

म्हणजे काकाने बाबांना दिलेला शब्द मी मोडणार होतो, आणि तोही सगळ्या भावकीच्या साक्षीने दिलेला.

तेरवीच्या आदल्या दिवशी काका पोतं घेऊन हजर झाला. मी त्याला फोनचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, कायदा जित्या माणसाले असते.

"तू लय वाचतं बापा," तो पुढे म्हणाला. "पन भाऊ अटकून राह्यला तर त्याले कोनत्या पुस्तकातून सोडवशीन?"

 काका थट्टा करत नव्हता. बारा दिवस तो नीट जेवला नव्हता आणि त्याचे डोळे लाल होते. त्याला त्याचा भाऊ सुटायला हवा होता, मला कासव नदीबाहेर राहायला हवं होतं, आणि पोतं आमच्या दोघांच्या मधे पडलं होतं.

आई दारात गहू निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"भाऊजी, शबद तुमी देल्ला. बदलाचा असंन तर त्यायलेच इचारा."

काका खरोखर फोटोसमोर जाऊन उभा राहिला. हार सारखा केला. "भाऊ," तो म्हणाला, "पोरगं म्हन्ते नदीत सोडलं तर बाकीच्या कासवायचे हाल होतीन. घरीच ठेवलं तर चालते का तुले?"

आम्ही तिघंही थांबलो. बाबा फोटोत होते तसेच राहिले, जरा वैतागलेले, कारण फोटोवाल्याने त्यांना हसायला लावलं होतं.

"चालते म्हन्तेत," आई म्हणाली.

काका वळला. "तुमाले कसं समजलं, वहिनी?"

"जितेपनी तरी कोन सांगे? मीच सांगो ना, ते काय म्हन्तेत थे."

काकाने मान डोलावली. हे त्याला माहीत होतं. भावाच्या लग्नापासून तो त्याचा प्रत्येक निरोप वहिनीच्या तोंडून ऐकत आला होता. त्याने पोत्याची घडी घातली, खाली बसला, आणि पहिल्यांदाच भाकर मागितली.

संध्याकाळी मी आईला वाचलेलं आणखी एक सांगितलं: नीट ठेवलं तर हे कासव आणखी कित्येक वर्षं जगेल, कदाचित माझ्याही मागे उरेल.

 "मंग आता तरी लग्नाचं मनावर घे," आई म्हणाली. "मांगून याचं कोन करीन?"