फोन उघडायची हाक

माझ्या धाकट्या साडूचा फोन त्यांचा चेहरा बघून उघडतो आणि याचा मला त्रास होतो.

साडू म्हणजे परळीचे अशोकराव, माझ्या मेहुणीचे मालक. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मॅनेजर आहेत. माणूस वाईट नाही. (हे वाक्य बायकोनं लिहायला लावलं.) पण दिवाळीला सासुरवाडीच्या ओसरीवर बसून त्यांनी खिशातून फोन काढला, नुसता तोंडासमोर धरला आणि तो उघडला. सासूबाई म्हणाल्या, "बया, मालकाला वळखतो की!" माझी सख्खी बायको कौतुकानं मान हलवत होती. मी त्या घरचा थोरला जावई, बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात सासरे, म्हणजे आमचे मामा, मला "बरं हाय ना?" यापुढं एक शब्द बोललेले नाहीत. अशोकरावांचा फोन मात्र ते पाच मिनिटं न्याहाळत होते. मी जळलो. स्पष्टच सांगतो, लई जळलो.

माझं चौसाळ्यात हायवेला फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. ऑइल लागून लागून बोटांचे ठसे केव्हाच गेले, त्यामुळं बोट लावून माझा फोन उघडत नाही. चेहऱ्याची सोय माझ्याही फोनमध्ये निघाली, पण दुकानात शिकवलेला चेहरा त्याला घरी ओळखू येईना आणि घरी शिकवलेला दुकानात. बायको म्हणाली, त्यात फोनची काय चूक? मग मी बीडला कॉम्प्युटर शिकणाऱ्या आमच्या लेकीला, शीतलला, कामाला लावलं. म्हटलं, फोन उघडायची अशी रीत काढ की अशोकरावांनी बापजन्मात पाहिली नसेल. तिनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तसलं ॲप बनवलेलंच होतं. आपण आपल्या मनाची रीत ठरवायची, फोन तेवढ्यानंच उघडणार.

पहिली रीत हलगीची. फोनच्या पाठीवर बोटांनी हलगीचा ठेका वाजवायचा. फोन उघडायचा झकास, पण मीच रंगात यायचो. तो उघडून, वाट बघून परत बंद व्हायचा तरी माझं वाजवणं चालूच, आणि गिऱ्हाईक पंप हातात घेऊन उभं! दुसरी रीत गोफणीची. फोन हातात घट्ट धरून डोक्यावर गरगर फिरवायचा. दोन दिवस लई रुबाबात गेले. तिसऱ्या दिवशी फोन सुटला आणि दुरुस्तीला आलेल्या एका पंपाच्या टाकीत जाऊन पडला. तो वाळवायला शीतलनं दोन दिवस तांदळात पुरून ठेवला.

तिसरी रीत मात्र मला स्वतःला सुचली. आमच्या दारात चार शेळ्या आहेत. त्यांना पाला टाकताना मी एक हाक मारतो. जीभ टाळूला लावून आधी "हुर्रर्र", मग चढत जाणारं "यियाऽऽ यियाऽऽ". शीतलनं गोठ्यात उभं राहून ती रेकॉर्ड केली आणि फोन पहिल्या हाकेला उघडला. ही हाक जगात दुसऱ्या कुणाजवळ नाही, असं मी छाती ठोकून सांगितलं. (त्या शेळ्या मला सासुरवाडीनंच दिलेल्या होत्या आणि हाकही सासूबाईंनीच शिकवली होती. हे मी साफ विसरलो.)

यंदा अधिक महिना आला. आमच्याकडं या महिन्यात जावयांना धोंड्याचं जेवण असतं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, जावयाला ओवाळायचं, नवे कपडे करायचे. सासुरवाडी मांजरसुंब्याच्या पुढं, डोंगराच्या कडेला. मामांच्या साठ शेळ्या. एरवी सकाळीच रानात जातात, पण त्या दिवशी दोन जावई घरात, म्हणून कुणी त्यांना बाहेर काढलंच नव्हतं. दुपारचा एक वाजला तरी त्या अंगणातल्या जाळीच्या वाड्यात उपाशी उभ्या होत्या.

आम्ही दोघे साडू शेजारी-शेजारी पाटावर बसलो. मेहुणीनं निरांजन फिरवलं आणि फोटो काढा म्हणाली. अशोकरावांनी फोन तोंडासमोर धरला. उघडला. घरात पुन्हा तेच कौतुक. मग ते माझ्याकडं वळून गोड आवाजात म्हणाले, "भाऊ, तुमच्या फोनवर बी एक होऊन जाऊ द्या."

मी याच क्षणासाठी सहा महिने जगत होतो.

फोन पुढं धरला आणि हळूच हाक मारली. चारचौघांत लाज वाटते हो. फोन ढिम्म. थोडी मोठ्यानं मारली, तरी ढिम्म. अशोकराव गालात हसले. शीतल कोपऱ्यातून खुणावत होती, गोठ्यातल्यासारखी मारा. ते हसणं माझ्या वर्मी लागलं होतं. मी डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून हाक दिली.

बाहेर जाळी मोडल्याचा आवाज झाला. मग एक शेळी उंबऱ्यात दिसली, तिच्यामागं चार, आणि पुढच्या क्षणी अख्खा कळप घरात! माझ्या ताटातले धोंडे गेले, तुपाची वाटी गेली, नव्या शर्टाचं खोकं गेलं. मेहुणी निरांजन घेऊन पलंगावर चढली. एका बोकडानं अशोकरावांच्या मांडीवर पाय देऊन त्यांचं ताट चाटलं आणि त्या झटापटीत पुरण त्यांच्या तोंडभर झालं. ते व्हिडिओ काढायला फोन तोंडासमोर धरत होते आणि फोन त्यांना ओळखत नव्हता! मला जे समाधान झालं ते सांगायला नको. (माझा फोन उघडला होता. कुणाचं लक्षच नव्हतं.)

आता मामा मला हाकलून देणार, असं मी धरून चाललो होतो. मामांनी दारात उभं राहून आत आलेली एकेक शेळी मोजली. मग माझ्याजवळ आले.

"माज्या हाकंला बी येवढ्या येत न्हाईत," ते म्हणाले. "पावनं, तुमचा आवाज लई भारी हाय."

बावीस वर्षांत पहिल्यांदा! माझे डोळे भरून आले. अशोकराव तोंड धूत होते, त्यांनी ऐकलं की नाही कळेना, म्हणून मी मामांना पुन्हा विचारलं, काय म्हणालात?

तेव्हापासून मामांचे मला फोन येतात. डोंगरावर एखादी शेळी मागं राहिली की ते माझा नंबर लावतात, आवाज मोठा करून फोन डोंगराकडं धरतात आणि मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, हाक मारतो. शेळी येते म्हणे. बायकोला मी रोज ऐकवतो की अशोकरावांना असे फोन येतात का बघ.

गेल्या महिन्यात सासुरवाडीला गेलतो. मामांचा फोन ओसरीवर पडला होता, त्याला कुलूप वगैरे काही नाही. सहज म्हणून मी त्यातले कॉल बघितले. अशोकरावांचा नंबर 'जावईबापू' या नावानं होता. माझा 'शेळ्या'.

मी तिथंच बसून मोजलं. महिन्याभरात जावईबापूंना एक फोन होता. शेळ्यांना अकरा!