ओतून दिलेलं पाणी

तापानं फणफणलेल्या माझ्या पोरासाठी आणलेलं पाणी मी एकदा मोरीत ओतून दिलं. एवढी शहाणी होते मी! बेचाळीस सालची, मिरजेच्या इस्पितळातली गोष्ट.

पाणी आणलं होतं वॉर्डातल्या ख्रिस्ती आयानं. बुटकी, पदर कमरेला घट्ट खोचलेली. पट्ट्या धुताना ती स्वतःशीच प्रार्थना पुटपुटायची, पण येशूचं नाव कुणाला ऐकवायची नाही. खाटेखाटेला थांबून विचारायची, "आवं, झोप लागली का?"

मी पडले पाटलाची सून! भर वॉर्डात ओरडले, "तुज्या हातचं पानी पाजून पोराला बाटवतीस व्हय गं?"

ती रिकामं भांडं उचलून निघून गेली. पोर पाण्यासाठी रडत राहिलं. थोड्या वेळानं ती उन्हातून परत आली. आवारात चूल मांडून बसलेली पलूसकडची एक मराठ्याची बाई तिच्यासोबत होती, डोक्यावर भरली घागर घेऊन.

"हिनंच वढलंय पानी. मी शिवले न्हाई," आया म्हणाली आणि लांब उभी राहिली.

मी त्या घागरीतलं पाणी पोराला पाजलं.

संध्याकाळी तिला विचारलं, "तुला राग न्हाई आला?"

"आला की, लय आला! पर पोर तान्हेलं हुतं. म्हनलं, आदी पानी, मग राग."