वॉरंटी संपल्यानंतरची सर्व्हिसिंग

गाडीची वॉरंटी संपली तेव्हा नवऱ्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. आता डीलरकडे जायचं कारण उरलेलं नाही. शेजारच्या लुकन गावाच्या बाजूला एक गॅरेजवाला होता. आमच्या ॲडम्सटाउन उपनगरातली निम्मी मराठी घरं त्याच्याकडेच जायची. तेच ऑइल, तेच फिल्टर आणि बिल निम्मं.

"शोरूमच्या काचांचे आणि कॉफीचे पैसे आपण कशाला भरायचे?" तो म्हणाला.

त्याचं चूक नव्हतं. पण रोज पहाटे मोटरवेवर गाडी मला चालवावी लागते. मी औषधाच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आमची पहिली गाडी भारतात परत निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतलेली होती. हिवाळ्यात एकदा ती एम-फोर मोटरवेवर बंद पडली. कडेच्या कठड्यापलीकडे पावसात मी उभी होते, आणि शेजारून ट्रक गेला की अंगावरचं जॅकेट ओढल्यासारखं व्हायचं. त्यानंतर ही गाडी डीलरकडून घेतली आणि दर वर्षी तिथेच नेली. त्यांनी पाहिली म्हणजे ठीक असेल, एवढाच त्यामागचा विचार. पटवून देण्यासारखा मुद्दा माझ्याकडे नव्हता.

"एवढ्या वर्षी तिथेच देऊ," मी म्हटलं. वाद घालायची ताकद दोघांतही नव्हती, त्यामुळे तसंच ठरलं.

त्या उन्हाळ्यात माझी आई आली होती. बाबा गेल्यापासून ती अकोल्याला एकटीच असते. जुलै-ऑगस्ट शाळा बंद, आमच्या दोघांच्याही रजा तुटपुंज्या, म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर तिला बोलावलं होतं. आईला आराम, मुलांना आजी, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे मुलांना सांभाळायला कोणीतरी हवं होतं.

मुलं मराठी समजतात, पण बोलतात इथल्यासारखं इंग्रजी. पहिल्या आठवड्यात आईने मुलीला विचारलं, "अजून एक पोळी वाढू का?" मुलगी म्हणाली, "आयम ग्रँड, आजी." आईला वाटलं पोळी फारच आवडली. तिने आणखी एक वाढली, वर तूप घातलं. मुलगी ताटाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. ग्रँड म्हणजे इथे नको, हे मी समजावलं तेव्हा आई खूप हसली. पण नंतर ती कमी विचारायला लागली. ताट वाढायची आणि ओट्याशी जाऊन उभी राहायची.

सर्व्हिसिंगच्या दिवशी मी रजा टाकली. मुलं आठवडाभराच्या समर कॅम्पला जात होती, तीही अर्धाच दिवस. त्यांना सोडून मी तशीच शोरूमला जाणार होते. आई चपला घालून दारात उभी.

"मीबी येते. घरी बसून काय करू?"

"आई, तिथे दोन तास नुसतं बसायचंय."

"बसू ना मंग."

शोरूममध्ये चाव्या दिल्या आणि आम्ही वेटिंगच्या कोपऱ्यात बसलो. करड्या रंगाचे सोफे, कॉफीचं मशिन, आवाज बंद केलेला टीव्ही. बाहेर जुलै महिना असूनही स्वेटर घालावा अशी हवा. मी आईला मशिनमधून कॉफी आणून दिली. ती कडू होती, तरी तिने कप दोन्ही हातांत धरून ठेवला. मला डोळे मिटावेसे वाटत होते. घरी असते तर या वेळात धुण्याचं मशिन लावलं असतं, कपडे घडी केले असते, ऑफिसच्या मेल पाहिल्या असत्या. इथे करण्यासारखं काहीच नव्हतं.

"तुले एक सांगू? रागावशील नको," आई म्हणाली.

मी डोळे उघडले.

"मले घरी जाऊ दे वं."

"म्हणजे? कंटाळा आला का? आपण इथून फिरायला जाऊ, समुद्रावर..."

"तसं नाई." तिने कप टीपॉयवर ठेवला. "पोराच्या गुडघ्याले लागलं होतं ना, ते मी सांगितलं तसं पळताना नाई लागलं. झोक्यावरून पडला तो. बागेतल्या मोठ्ठ्या झोक्यावरून. उठेच ना. एक बाई धावत आली, मले इंग्रजीत काय काय विचारून रायली होती. फोन काढला तिनं. मले एक शब्द सुचला नाई. मी नुसती रडली तिथं. मंग पोरगीच बोलली त्या बाईशी. एवढीशी पोरगी मले म्हणे, डोन्ट क्राय, आजी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू येतेस तवा तोंड पाह्यलं हाये का तुहं? काय सांगू तुले?"

मी सोफ्यावर तिच्या जवळ सरकले.

"रोज तुमी दोघं गेले का माह्या छातीत धडधड सुरू होते," ती म्हणाली. "आज काही झालं तर मी कोणाले बोलावू? दाराची बेल वाजली तरी मी स्वयंपाकघरात जाऊन उभी रायते. अकोल्यात मी एकटी असते, पण असं होत नाई मले."

तेवढ्यात सर्व्हिसचा माणूस हातात टॅबलेट घेऊन आला. तरुण, फार नम्र. गाडी वर उचलून खालून काढलेला व्हिडिओ त्याने दाखवला. टॉर्चच्या उजेडात काळे पाइप, गंजाचे ठिपके, चाकामागचा भाग.

"हे गाडीचं पोट का?" आईने मला विचारलं. डोळे पुसून तीही वाकून पाहत होती.

तो सांगत होता की मागचे ब्रेक पॅड झिजत आलेत, अजून काही महिने चालतील, पण गाडी आलीच आहे तर आज बदलता येतील. वायपरही बदलावे लागतील. आणि आतल्या हवेचा फिल्टर. एरवी मी प्रत्येक गोष्टीची किंमत विचारली असती, नवऱ्याला फोन लावला असता. त्या दिवशी मी सगळ्यालाच हो म्हटलं. तो गेल्यावर मी आईचा हात धरला. तिची बोटं कॉफीच्या कपामुळे गरम होती.

"तिकीट बदलू," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यातलं बघते."

"तुमचं कसं होईल वं?"

"होईल."

कसं होईल हे मला मुळीच माहीत नव्हतं. आईने डोकं सोफ्याला टेकलं आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली. तोंड किंचित उघडं, पाय चपलांतून बाहेर काढलेले. आल्यापासून तिला दिवसा झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. गाडी तयार असल्याचं सांगायला तो माणूस पुन्हा आला, तेव्हा त्याला हातानेच थांबायची खूण केली.

संध्याकाळी नवऱ्याने बिल पाहिलं. "ब्रेक पॅड? आत्ताच कशाला बदलले? मी म्हटलं होतं तुला, तिथे गेलं की हे असंच..."

"आई परत जायचं म्हणतेय," मी मध्येच म्हटलं. झोक्याचंही सांगितलं.

बिल घडी करून त्याने बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मग ऑगस्टचं काय?"

मला त्याचा भयंकर राग आला. शोरूममध्ये आईचा हात धरून बसले होते तेव्हा माझ्याही मनात हाच प्रश्न होता, म्हणून राग जास्तच आला असेल.

तिकीट बदललं. मुंबईला माझा भाऊ तिला घ्यायला आला. निघताना आईने मुलांच्या डब्यांचं कोणतं झाकण कुठे ते मला दाखवलं, जणू घर तिचं आणि मी पाहुणी. विमानतळावर मुलगा तिच्या कमरेला मिठी मारून होता. "लवकर ये," तो मराठीत म्हणाला. कोणी शिकवलं होतं माहीत नाही.

ऑगस्ट कसाबसा गेला. एक आठवडा नवऱ्याची रजा, एक माझी, उरलेल्या दिवसांना जो मिळेल तो कॅम्प. मी लॅबमध्ये उभ्या उभ्या पेंगत होते. आम्ही दोघं एकमेकांशी फक्त कोण सोडणार, कोण आणणार एवढंच बोलायचो. भांडायलाही वेळ नव्हता, ते एका अर्थी बरंच झालं.

पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगची वेळ आली तेव्हा नवऱ्याने काही विचारलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही. गाडी लुकनच्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने चांगलं काम केलं. डीलरने बदललेले ब्रेक ठीक आहेत म्हणाला, एक टायर बदलायला सांगितलं, बाकी काही सुचवलं नाही. त्यानंतर वर्षभर गाडीने त्रास दिला नाही. ऑफिसमध्ये कोणी विचारलं तर मी हेच सांगते, वॉरंटी संपली की डीलरकडे जाऊ नका, उगाच पैसे जातात.

त्या दिवशी गॅरेजवाल्याकडे बसायला जागा नव्हती. मी शेडच्या बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले आणि आईला फोन लावला. अकोल्यात दुपार होती. मागून बायकांचे आवाज, भांड्यांचा आवाज, कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

"आमी लाडू करून रायलो," आई जवळजवळ ओरडतच म्हणाली. "काही काम होतं का?"

"नाही, सहज."

"मंग संध्याकाळी कर ना. आत्ता हात भरले हायेत माहे."

"बरं," मी म्हटलं. फोन खिशात टाकला आणि गाडी खाली उतरायची वाट पाहत उभी राहिले.