बाबांचा रिकामा किनारा

सोयाबीनची मळणी उरकून आठवडा झाला, तरी तिचा उष्ण, धुळकट वास पुसेगावच्या आमच्या अंगणात अजून रेंगाळत होता, आणि कार्तिकातल्या उतरत्या उन्हात सासूबाई सुपात उडीद पाखडत बसल्या होत्या. मुंबईच्या एका सागरी उपनगरात नोकरीसाठी राहायला गेलेल्या माझ्या लेकीने, मयूरीने, मोबाइलवर फोटो पाठवले होते : भरतीचे पाणी, तोफेसाठी बांधलेला जुना गोल चौथरा, आणि तिच्या इमारतीमागची एक बुजवलेली दगडी विहीर.

माझे वडील तरुणपणी तिथल्याच छावणीत शिपाई होते. "तिथं कुणीच न्हवतं, नुसता रिकामा किनारा. आमी वसवलं ते," असे ते अभिमानाने सांगत, आणि शिरड शहापूरच्या काळ्या रानात वाढणारी मी त्या निर्मनुष्य वाळूची स्वप्ने पाहत असे.

कौतुकाने मी फोटो सासूबाईंपुढे धरले. सूप थांबले.

"ही आमची विहीर."

सव्वीस वर्षे एका चुलीवर रांधूनही मला ठाऊक नव्हते, की त्यांचे आईवडील पोटासाठी इकडच्या भागातून तिथल्या मिठागरांवर गेले होते, त्या तिथेच जन्मल्या होत्या, आणि त्या आठ वर्षांच्या असताना एका सकाळी लष्करी गाड्या येऊन संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती जमीनदोस्त झाली होती. मी त्यांच्यापुढे खाली बसले.

"काहून सांगितलं न्हाई कधी?"

"तुझ्या लग्नाची बोलणी चालली व्हती. तुझा बाप ह्याच अंगणात बसून सांगून राहिला व्हता, तिथं कुणीच न्हवतं म्हणून. मी आत चहा ठेवला व्हता." त्यांनी सूप पुन्हा उचलले. "पोरगी चांगली व्हती. काय बोलू?"

बाबा त्या गाड्यांत होते, की सारे साफ झाल्यावर तिथे पोहोचले? त्यांना जाऊन सात वर्षे झाली, विचारायचे कुणाला?

"माझी बहीण तिथंच पुरलीया," सासूबाई हलकेच म्हणाल्या. "अकरा दिवसांची व्हती. विहिरीच्या उगवतीला."

मी मयूरीला व्हिडिओ कॉल लावला आणि विहीर दाखवायला सांगितले. ती विहिरीपाशी गेली आणि उत्साहाने, आजीला आवडेल म्हणून, समुद्र दाखवू लागली.

"समुद्र नको, माय," सासूबाई म्हणाल्या, "खालची जमीन दाखव."

पडद्यावर मोटारी उभ्या करण्यासाठी घातलेली राखाडी फरशी आली. मयूरी विचारत राहिली, "आजी, काय शोधायचंय?" आणि त्या स्वच्छ, मोकळ्या जागेकडे पाहताना मला प्रथमच कळत होते, की 'रिकामे' हा शब्द मी आजवर किती निश्चिंतपणे उच्चारला होता.